समुद्रावाचून बंदर

इंदूर म्हटले की होळकरांचा राजवाडा, सराफ्यातील रात्रीचा खाऊ आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी मराठी घराणी आपल्या डोळ्यांपुढे येतात. बंदर मात्र कोणाच्याही मनात येत नाही. मुंबईचा समुद्र तेथून सुमारे 600 किलोमीटर दूर. तथापि शहराच्या नैर्ऋत्येस, तिही व पीथमपूरच्या परिसरात, बंदरावरील बहुतेक कामे चालतात. पाणी आणि जहाज तेवढे नाही. अशा स्थळास ‘कोरडे बंदर’ म्हणतात.

ही युक्ती वाटते तितकी नवी नव्हे. 1830 पासून माळव्याच्या अफूच्या पेट्या इंदुरास इंग्रजांच्या काट्यावर तोलल्या जात, पेटीमागे कर भरला जाई, आणि मगच त्या परवान्यानिशी मुंबईची वाट धरीत. तेथून माल चीनला जाई. त्या व्यापाराची आठवण कोणालाही भूषणावह वाटू नये.

पुढे दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1 कोटी रुपयांचे कर्ज दिले आणि खांडवा–इंदूर लोहमार्ग झाला. हा मार्ग मीटर गेजचा, तर खांडव्याहून मुंबईकडे जाणारा ब्रॉड गेजचा. म्हणून कापसाची प्रत्येक गासडी खांडव्यास एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागे. मुंबईच्या गोदीत पुन्हा तोच खटाटोप. एकच ओझे किती पाठींवरून गेले, याचा हिशेब कोणत्या वहीत सापडणार?

ही उचल-ठेव थांबली ती कंटेनरमुळे. एप्रिल 1956 मध्ये माल्कम मॅक्लीन या अमेरिकन गृहस्थाने 58 ॲल्युमिनियमचे पेटारे एका जहाजावर चढवून न्यूआर्कहून ह्यूस्टनला धाडले, आणि जगभरच्या गोद्यांचे रूप पालटू लागले. आज इंदूरकडील सोयाबीनची पेंड, औषधे वा यंत्रांचे भाग अशा 20 किंवा 40 फुटी पेटाऱ्यात भरतात. कस्टमचे अधिकारी तेथेच कागद पाहतात, जरूर वाटल्यास माल उघडून तपासतात. दारावर क्रमांकित मोहोर बसते. मग लांब लोखंडी बाहूची यारी तो अवजड पेटारा सहज उचलून सपाट वाघिणीवर ठेवते. 45 वाघिणींच्या गाडीवर 20 फुटी 90 पेटारे मावतात. न्हावा-शेवा बंदरात, म्हणजे 1989 साली सुरू झालेल्या उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदरात, मोहोर शाबूत असल्यास पेटारा बहुधा न उघडताच जहाजावर चढतो.

व्यापाऱ्याचे दिवस वाचले, चोरी व नासधूस घटली, हे खरेच. परंतु मुंबईच्या गोदीत ज्या हमालीवर हजारो कुटुंबांच्या चुली पेटत, ती याच पेटाऱ्याने ओसरली. यंत्र चालविणाऱ्यास मान आणि पगार मिळाला. पोते वाहणाऱ्यास कोणी यंत्र शिकविले नाही, असेच बहुतेक ठिकाणी घडले. शिवाय कष्ट काही संपलेले नाहीत, ते केवळ समुद्रापासून दूर सरकले आहेत. पेटारा यारी उचलते, पण त्याच्या पोटात, माळव्याच्या उन्हाने तापलेल्या पत्र्याखाली, पोत्यांची थप्पी पुष्कळदा माणूसच रचतो.

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने 309 किलोमीटर लांबीच्या इंदूर–मनमाड लोहमार्गास मंजुरी दिली. तो होईपर्यंत आगगाडीच्या मालाला रतलाम–बडोद्याचा वळसा आहे. तेथून वसई–दिवा मार्गाने तो न्हावा-शेव्याकडे वळतो. वसईकर वाचकहो, रात्री आपल्या शिवारापलीकडून धडधडत जाणाऱ्या पेटाऱ्यांच्या लांबलचक गाडीत एखादा इंदूरच्या हमालाने भरलेलाही असेल.