पाण्याकांठचें घर

दुबईंत आम्हांला अठरा वर्षें झालीं, आणि त्यांतील बहुतेक सर्व भाड्याच्या घरांत गेलीं. येथें वर्षाचें भाडें पुढील तारखांचे चेक लिहून आगाऊ द्यावें लागतें; वर्ष संपत आलें कीं घरमालकाच्या मनांत काय आहे याचा घोर लागतो. तीन वेळां आम्हीं बिऱ्हाड हलविलें. प्रत्येक वेळीं देवांची पेटी मीं स्वतःच्या मांडीवर घेऊन नेली.

स्वतःच्या घराचें वेड प्रथम यजमानांना लागलें, असें मी सर्वांना सांगतें. खरें म्हणजे तें मला लागलें होतें. २०२३ च्या आरंभीं दुबई मरीना या भागांत एका इमारतीच्या चौदाव्या मजल्यावरील घर आम्ही पाहावयास गेलों. तेथील पाणी मूळचें नव्हे. वाळवंट खणून सुमारें तीन किलोमीटर लांबीचा कालवा केला, त्याचीं तोंडें समुद्रास जोडलीं आणि दोन्ही कांठांवर उंच उंच इमारती उठविल्या. हें सर्व मला ठाऊक होतें. तरी बैठकीच्या कांचेंतून खालीं नांगरलेल्या नौका आणि त्यांच्यामधून पाणी कापीत जाणारी एक लहानशी लाँच दिसली मात्र, आणि मला दाभोळची खाडी आठवली. माझें माहेर तेथलें. दलाल पुढें काय बोलला तें माझ्या कानांत शिरलें नाहीं.

परदेशी माणसास या शहरांत घर विकत घेतां येऊं लागल्यास फार काळ लोटलेला नाहीं. २००२ सालीं तशी मुभा प्रथम जाहीर झाली आणि २००६ च्या कायद्यानें ठराविक भागांपुरती ती पक्की झाली. मग नुसत्या नकाशावर घरें विकलीं जाऊं लागलीं. २००८ सालीं जगभर मंदी आली आणि येथील किंमती वर्षभरांत जवळजवळ अर्ध्यावर उतरल्या. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबानें जिचे दोन वर्षें हप्ते भरले, ती इमारत पायाच्या वर कधीं आलीच नाहीं. गिऱ्हाइकाचा पैसा बांधकामाच्या स्वतंत्र खात्यांतच ठेवला पाहिजे असा कायदा २००७ सालीं झाला. त्यांचे पैसे त्यापूर्वींच गेले होते. तेव्हां बांधून तयार असलेलेंच घर घ्यावयाचें, एवढें शहाणपण आम्हांला होतें.

किंमत २४ लाख दिरहम. पहिल्या घरासाठीं, तें ५० लाखांच्या आंतील असल्यास, बँक परदेशी माणसास ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देते. उरलेले ४ लाख ८० हजार पदरचे. त्यावर सरकारच्या जमीन-खात्याची नोंदणी फी ४ टक्के, म्हणजे ९६ हजार, आणि दलालाचे २ टक्के, म्हणजे ४८ हजार. शिवाय इमारतीच्या देखभालीचा आकार दर चौरस फुटाप्रमाणें, तो वर्षाला वीस हजारांच्या घरांत, आणि थंड हवेचें बिल निराळें. दलाल मोठा गोडबोल्या होता. सूर्यास्त कसा दिसतो हें त्यानें इतकें रंगवून सांगितलें कीं हे आंकडे विचारण्याचें आम्हांला सुचलें नाहीं. घरीं येऊन बेरीज केली तेव्हां आमची शिल्लक सुमारें अडीच लाखांनीं तोकडी पडली.

त्या रात्रीं पुण्याच्या वाड्याचा विषय निघाला. मामंजींच्या मागें तो सासूबाई, भाऊजी, आमचे यजमान आणि वन्सं अशा चौघांचा आहे. राहतात तेथें भाऊजी, जाऊबाई आणि सासूबाई. गळकें छप्पर, महानगरपालिकेचा कर, मामंजींचें शेवटचें आजारपण, सर्व त्यांनींच निभावलें. आम्हीं पैसे पाठविले, एवढेंच. वांटणी हा शब्द आमच्या घरांत कोणीं उच्चारलेला नव्हता. परदेशस्थास वारसाहक्काच्या मिळकतीचा पैसा वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत भारताबाहेर नेतां येतो, तेव्हां सरकारी नियमांची अडचण नव्हती. यजमान बराच वेळ गप्प होते. "विचारून पाहावयास काय हरकत आहे?" हें वाक्य माझें.

त्यांनीं टेलिफोनवर विचारलें. भाऊजी म्हणाले, "घे ना. तुझेंच आहे. कागद काढून ठेवतों." दुसरें कांहीं बोलले नाहींत. जाऊबाईंची चौकशी करावयाचें आम्ही त्या दिवशीं विसरलों.

त्या वेळीं सासूबाई हिंवाळ्यासाठीं आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनीं घर पाहण्याची इच्छा दर्शविली. रुपयांत किंमत ऐकून (ती सव्वापांच कोटींच्या वर जात होती) त्या सज्जांतील खुर्चीवर बसल्या आणि पाण्याकडे पाहूं लागल्या.

"नोकरी सुटली तर येथें राहूं देतील का रे?" त्यांनीं विचारलें.

यजमानांनीं समजाविलें, कीं पूर्वीं राहण्याचा परवाना नोकरीबरोबर जात असे. आतां वीस लाखांच्या घराच्या मालकास दहा वर्षांचा परवाना मिळतो.

"आणि दहा वर्षांनीं?"

"घर असलें कीं पुन्हां मिळतो."

"बरें. आणि तुझें कांहीं बरेंवाईट झालें, तर?"

मला हा प्रश्न आवडला नाहीं. पण यजमानांनीं त्याचाहि अभ्यास केला होता. बिगर-मुसलमानांसाठीं त्याच फेब्रुवारींत नवा कायदा अमलांत आला होता: मृत्युपत्र नसेल तर अर्धें पत्नीस, अर्धें मुलांस, आणि मुलगा-मुलगी समान. शेवटचें कलम ऐकून सासूबाईंचा चेहरा खुलला. "हें चांगलें केलें," त्या म्हणाल्या. मग सहज म्हणून, "आणि आईला?"

मुलें असलीं तर आईस कांहीं नाहीं. आपल्याकडे १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें विधवा आणि मुलांच्या बरोबरीनें आईचाहि वांटा असतो. येथें तसें नाहीं. यजमान घाईघाईनें म्हणाले, "मृत्युपत्र केलें कीं झालें. २०१५ पासून नोंदणीची सोय आहे. मी तुझें नांव घालीन."

"मला हें घर काय करावयाचें आहे?" सासूबाई म्हणाल्या. "पुण्याच्या घरांत तरी माझा भाग किती, तें मीं कधीं मोजलेंच नाहीं. आतां तो कागद काढील, म्हणजे मोजावें लागेल."

यजमानांनीं त्याच संध्याकाळीं भाऊजींना कळविलें, कीं बेत राहिला, कागद काढूं नका. भाऊजी "बरें" म्हणाले.

पुढें दोन वर्षें आम्हीं पोटाला चिमटा घेतला. तोंवर चौदाव्या मजल्यावरील तें घर तीस लाखांच्या पलीकडे गेलें. २०२५ च्या मार्चांत त्याच भागांत, रस्त्याच्या बाजूस तोंड असलेलें लहान घर आम्हीं एकवीस लाखांना घेतलें. दहा वर्षांचा परवाना मिळाला. मृत्युपत्रहि केलें, आणि त्यांत सासूबाईंचें नांव आहे. स्वयंपाकघराच्या खिडकींतून, दोन इमारतींच्या फटींतून, हातभर रुंदीचें पाणी दिसतें. मी तेवढ्यावर खूष आहें. पोळ्या करतांना तिकडे पाहतें आणि एखादी पोळी करपते. भाऊजी हल्लीं प्रत्येक टेलिफोनला "घर कसें काय?" असें अगत्यानें विचारतात. पूर्वीं ते इतके अगत्यानें बोलत नसत. पहिल्या वाक्यालाच रागावत असत.

त्या वर्षीं गणपतींत आम्ही पुण्यास गेलों. माजघरालगत एक खोली आहे. लग्न झाल्यापासून आम्ही तेथेंच उतरतों. एरवीं तींत जाऊबाईंची शिवणाची मशीन, पापडांचे डबे, जुन्या पुस्तकांचे गठ्ठे असा पसारा असतो, आणि आम्ही गेलों कीं तो बाजूला सारून गाद्या घालावयाच्या, अशी वहिवाट. या वेळीं खोली रिकामी करून झाडून पुसून ठेवलेली होती, आणि दाराला नवें कुलूप होतें. जाऊबाईंनीं हातांतील फुलांची परडी खालीं ठेवली आणि पदराची गांठ सोडून किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"तुमची खोली," त्या म्हणाल्या.

मशीन कोठें नेली, हें विचारण्याचा मला धीर झाला नाहीं.