गाडीची ओढ

घोड्याला घराची ओढ असते, गाईला गोठ्याची. आमच्या मोटारीला गटाराची ओढ लागली, तेव्हा घरात पहिला संशय आला तो मोटारीचा नव्हे, ती चालवणाऱ्या आप्पांचा!

आप्पा म्हणजे माझे वडील. वय वर्षे ७८. मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी, जन्म १९८६. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही लेक; मूळ घराणे मात्र इटलीच्या फियाटचे. तिच्या बहिणींनी काळी-पिवळी टॅक्सी होऊन मुंबईची चाकरी केली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या रस्त्यावरून कायमच्या उतरल्या. खाजगी गाडीला मात्र १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घेता येते, आणि ती आप्पांनी कधी चुकवली नाही.

या गाडीच्या हयातीत आमच्या वसई-विरारची २००९ साली महानगरपालिका झाली, २०१४ साली आम्ही ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्ह्यात गेलो. पण आप्पांचा रस्ता बदलला नाही. माणिकपूरहून निघायचे, रविवारी निर्मळला जायचे, मनात आले तर पुढे अर्नाळ्याची हवा खाऊन यायचे. वाटेत वाड्या, विहिरी आणि डांबराला खेटून उभ्या कुंपणाच्या भिंती. समोरून बस आली की गाडी विताएवढ्या जागेतून काढावी लागते. अशा रस्त्यावर गाडी आपण होऊन डावीकडे निघाली, तर काय होणार? डावा मडगार्ड एका भिंतीला घासला. पुढच्याच आठवड्यात एका भाजीवालीची टोपली थोडक्यात बचावली.

मग घरात पंचायत बसली. बोरिवलीहून धाकटा भाऊ आला, त्याच्याबरोबर माझा पुतण्या आला. पुतण्याने सकाळी गाडी काढली, स्टेशनपर्यंत फेरी मारली आणि साक्ष दिली, "आजोबा, गाडी तर एकदम सरळ चालते."

झाले! आप्पांचा उजवा खांदा दुखतो, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यातून येताना दमले की हात ढिला पडतो, असा निष्कर्ष निघाला. कारण दोन्ही प्रकार परतीच्या वाटेवरच घडले होते. आप्पा एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि ते बागेत गेले. त्या किल्लीचा आवाज मला बरा वाटला नाही. मी एवढेच म्हटले, की या खटल्यात आरोपी दोन आहेत. ज्याला बोलता येत नाही त्याची तपासणी आधी होऊ द्या.

प्रथम गाडी हमरस्त्यावरच्या एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथे चारी चाकांना यंत्रे लावून अलाइनमेंट केली, छापील कागद दिला. पैसे दिले, गाडी घेतली, आणि घरी येईतो ती पुन्हा डावीकडे! कागद खोटा नव्हता. चाके पुढून जराशी आत किंवा बाहेर वळलेली असली, तर टायर लवकर झिजतात, स्टिअरिंगही तिरके बसते. पण तेवढ्याने गाडी सहसा एका अंगाला ओढत नाही. दोन बाजूंच्या चाकांचा कल निरनिराळा असेल तर ओढते, पण तोही कल सारखाच निघाला होता. दुखणे दुसरीकडे होते.

मग पापडीचे एक मेस्त्री आठवले. त्यांची उमेद मुंबईच्या टॅक्सी दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांनी बॉनेट उघडले नाही की पान्याला हात लावला नाही. आप्पांकडे वळून विचारले, "आप्पा, गाडी निघाल्याबरोबर ओढते, की थोडी चालल्यावर?"

आप्पा म्हणाले, "थोडी चालल्यावर. पाचसात वेळा ब्रेक दाबला की मग."

हा प्रश्न आमच्या अख्ख्या पंचायतीत कुणी विचारला नव्हता.

मेस्त्रींची पुढची रीत मी इथे मुद्दाम सांगतो, कारण वाचकांपैकी ज्यांच्या दारात जुनी गाडी असेल त्यांना ती उपयोगी पडेल. सर्वांत आधी रस्ता. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मधोमध उंच आणि कडांना उतरता असतो. आपण डावीकडून चालवतो, तेव्हा कुठलीही गाडी थोडी डावीकडे घसरणारच. म्हणून सपाट, मोकळ्या जागी परीक्षा घ्यायची. तिथेही आमची गाडी ओढत होती. नंतर हवा. पुढच्या ज्या टायरात हवा कमी, त्या अंगाला गाडी जाते. दोन्हीकडची हवा थंड टायरात मोजली, सारखी होती. मग टायरच. पुढची दोन चाके एकमेकांच्या जागी बसवली. ओढ उजवीकडे गेली असती तर दोष टायरचा. ती डावीकडेच राहिली.

आता उरला ब्रेक. मेस्त्रींनी आप्पांनाच चालवायला बसवले. बऱ्याच ठिकाणी ब्रेक दाबायला लावून गाडी परत आणली आणि प्रत्येक चाकाजवळ तळहात नेला. चाकाला लावला मात्र नाही. तीन चाके कोमट, पुढचे डावे चाक तव्यासारखे! म्हणजे आप्पांनी पाय काढला तरी त्या चाकाचा ब्रेक सुटत नव्हता.

जॅक लावून चाक उचलले. ते हाताने फिरेना. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरले तेव्हा ही गाडीही पाण्यात उभी होती. त्यामुळे आतला सिलिंडर गंजून अडकला असेल, असे मला वाटले. मेस्त्री म्हणाले, "अंदाज कशाला? चाकालाच विचारू." त्यांनी त्या चाकाच्या ब्रेकचा निपल किंचित सैल केला. ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक भिंगरीसारखे फिरू लागले! सिलिंडर अडकला असता, तर ऑइल बाहेर येऊनही चाक सुटले नसते. सुटले, त्या अर्थी दाब कोंडला होता, आणि तो त्या चाकाकडे जाणाऱ्या रबरी होस पाइपात.

पाइप काढून त्यांनी चिरून दाखवला. वरून धडधाकट, आतून रबर फुगलेले. पायाच्या जोराने ऑइल आत घुसे, पण परत यायला वाट मिळत नसे. रात्रभर गाडी उभी राहिली की दाब हळूहळू उतरे. म्हणून सकाळी स्टेशनपर्यंत गाडी सरळ जाई. पुतण्याची साक्ष खरी होती, फक्त वेळ चुकीची होती.

कुर्ल्याहून सुटे भाग आणवले. उजवा पाइप चांगला दिसत होता, तरी वय तेच म्हणून दोन्ही बदलले. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते, तेही नवे भरले. भाजून निघालेले लायनर दोन्ही बाजूंचे घातले. एकाच बाजूचे घातले असते, तर गाडीला नवी खोड लागली असती. खर्च त्या मडगार्डच्या रंगकामापेक्षा कमी आला.

संध्याकाळी मी आप्पांना विचारले, "तुम्ही सांगितले का नाही?"

"मला वाटले, माझाच हात गेला," ते म्हणाले.

कितीतरी महिने तो माणूस डावीकडे पळणारी गाडी उजव्या खांद्याने रस्त्यावर धरून होता, आणि दोष स्वतःच्या वयाला देत होता. महिनाभरात खांद्याचे तेल-मालिश बंद झाले.

दुसऱ्या आरोपीची तपासणीही व्हायला हवी, हे आप्पांनीच काढले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आल्याचे सांगितले. दिवाळी झाली की शस्त्रक्रिया आहे. तोवर गाडी माझ्या हाती. आप्पांनी या वेळी किल्ली टेबलावर ठेवली नाही, माझ्या हातात दिली आणि बजावले, "नीट धर. आता जोर लावायचा नाही, नाहीतर उजवीकडे जाशील."

कार्तिकात निर्मळची यात्रा भरते. तेव्हा तिथवर कोण चालवणार, हे डॉक्टर ठरवतील.