एका ताऱ्यामागचं कारण

रॉजर ईबर्ट १९६७ साली ‘शिकागो सन-टाइम्स’चे चित्रपट-समीक्षक झाले. त्याच वर्षी ‘बॉनी अँड क्लाइड’वर ‘न्यू यॉर्क टाइम्स’चे बॉस्ली क्राउदर तुटून पडले, पंचविशीतल्या ईबर्ट यांनी मात्र चारपैकी चार तारे दिले. पुढे १९७५मध्ये पुलित्झर मिळवणारे ते पहिले चित्रपट-समीक्षक ठरले.

तिकीट काढायचं की नाही, एवढंच ठरवायला तारे पुरतात. ईबर्ट यांचे तारे समजून घ्यायचे तर त्यांच्याखालचा मजकूरच वाचायला हवा. डेव्हिड लिंच यांच्या ‘ब्लू व्हेल्वेट’ला (१९८६) त्यांनी एकच तारा दिला. दिग्दर्शकाला कला साधली नाही, ही तक्रार नव्हतीच. नटी इझाबेला रोसेलिनी यांना पडद्यावर इतकं उघडं पाडलं, अपमानित केलं, तर त्या धाडसाचा मान राखणारा चित्रपट हवा. लिंच तर भोवती विनोद पेरत होते, हा ईबर्ट यांचा आक्षेप. अनेकांनी डोक्यावर घेतलेल्या चित्रपटाबद्दल हे छापणं, नटीच्या बाजूनं उभं राहणं, ही खरी समीक्षा.

त्याच लिंच यांच्या ‘द स्ट्रेट स्टोरी’ला आणि ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ला पुढे पूर्ण चार तारे मिळाले. अढी नाही.

कर्करोगावरच्या उपचारांत २००६मध्ये ईबर्ट यांची वाचा गेली. लेखणी चालू राहिली, एप्रिल २०१३मधल्या निधनापर्यंत. त्यांनी पाठवलेलं शेवटचं परीक्षण टेरेन्स मॅलिक यांच्या ‘टू द वंडर’चं होतं: साडेतीन तारे.