रस्त्याची उंची कोण ठरवतो?

रस्ता झाला म्हणजे विकास झाला, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. नारळ फुटतो, फलक लागतो, फोटो निघतात. आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो, म्हणून आमचा प्रश्न वेगळा असतो. नवा रस्ता किती उंच झाला, आणि त्याच्या कडेच्या घराचा उंबरठा किती खाली राहिला?

विदर्भातल्या एका छोट्या शहरात बौद्ध वस्ती आहे. आम्ही तिथे काही वर्षांपासून जातो. या वस्तीतला रस्ता तीनदा झाला. तिन्ही वेळा जुना न खोदता त्याच्यावरच काँक्रीटचा नवा थर टाकला गेला. आज तिथल्या कित्येक घरांत जायला दोन पायऱ्या उतराव्या लागतात. आषाढात मोठा पाऊस आला की बायाबापड्या रात्रभर घमेल्याने पाणी उपसतात. शाळकरी मुलांची दप्तरे खुंटीला टांगलेली असतात, ती हौसेने नाही. तक्रार केली तर उत्तर मिळते, "तुमचे ओटेच पुढे आलेत, नाली कुठून काढायची?" म्हणजे पाणीही आमच्याच घरात आणि दोषही आमचाच!

याला कोणी तांत्रिक चूक म्हणेल. समाजशास्त्र शिकताना आम्हाला एवढे कळले, की आपल्या गावांचा उतारसुद्धा जातीने वाटून दिलेला आहे. बहुतेक गावांत आमचे पूर्वज राहत ती जागा गावाच्या कडेला, सांडपाणी जिकडे वाहते त्या बाजूला होती. गाव वाढून शहर झाले, भोवती वसाहती उठल्या, पण पाण्याने आपली वाट बदलली नाही. वरच्या कॉलनीचा रस्ता सिमेंटचा झाला, अंगणात फरशी आली, जमिनीत मुरणारे पाणी आता धावत खाली येते. खाली कोण राहते, हे वेगळे सांगायला नको.

सार्वजनिक जागेचा प्रश्न आमच्या चळवळीला नवा नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव घेतला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जावे लागले. कागदावरचा हक्क आणि पायाखालचा हक्क यांत अंतर असते, हा महाडचा धडा आहे. तो तळ्याला लागू होतो, तसाच नालीलाही होतो.

आता आमच्या रिसोडकडे पाहू. तालुक्याचे शहर, बाजाराचे गाव. शेतजमिनीचे प्लॉट पडून चारी बाजूंनी वस्ती वाढते आहे. महाराष्ट्रात गुंठेवारीचा कायदा २००१ साली आला, २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढली. घरे नियमित होतील, पण रस्ता आणि नाली कागदाने तयार होत नाही. त्यात आपली जमीन काळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर मुरूम-गिट्टीचा नीट दाबलेला थर न देता काँक्रीट ओतले, तर ते तडकणारच.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी कुठे जाऊन पडणार ते ठरवा. मग पाण्याची पाइपलाइन, मग नाली, मग जुना थर खोदून काढणे आणि सगळ्यात शेवटी काँक्रीट. नाहीतर आज रस्ता होतो आणि उद्या नळासाठी फोडला जातो.

हा क्रम ठरवताना वस्तीला विचारणार कोण? खेड्यात निदान ग्रामसभा आहे. घटनेच्या २४३ एस कलमाने प्रभाग समिती बंधनकारक केली, ती ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना. रिसोडसारखी शहरे त्यात बसत नाहीत. पण म्हणून आपले हात बांधलेले नाहीत. माहिती अधिकार कायदा, २००५ मध्ये केवळ कागद मागण्याचा हक्क नाही. कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. अंदाजपत्रक मागा. मोजमाप पुस्तिका पाहा. काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी तपासतात, तो अहवाल मागा.

काही आपलेच लोक म्हणतात, "मिळतोय ना रस्ता, मग खुसपट कशाला काढता?" बंधूंनो, हा रस्ता कोणी खिशातून देत नाही. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाने शहरी वस्त्यांसाठी सुधार योजना आहे. तो पैसा आपल्या हक्काचा आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्याचे आम्ही स्वागतच केले. पण महारवाड्याचे भीमनगर झाले आणि पाणी पूर्वीसारखेच चुलीपर्यंत आले, तर बदलले काय?

आमची मागणी साधी आहे. अंदाजपत्रक करण्यापूर्वी अभियंत्याने भर पावसात एकदा वस्तीत यावे. पाणी कुठे तुंबते ते तिथल्या बायांना विचारावे, कारण उपसायचे काम त्याच करतात. प्रत्येक घराच्या उंबरठ्याची पातळी नकाशावर लिहावी आणि नवा रस्ता त्याखाली राहील, हे कामाच्या अटीत घालावे. तो नकाशा बुद्धविहाराच्या भिंतीवर लावावा, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल.

आणि आपण? शिकलेल्या प्रत्येक तरुणाने आपल्या गल्लीपुरते तरी हातात मोजपट्टी घ्यावी. काँक्रीट ओतण्याच्या आधी बोललेले ऐकले जाते. ओतल्यानंतर फक्त निवेदने उरतात.

जय भीम!