चौघांची फौज

बेल्जियममधील लॅरियन या संस्थेने २०२३ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केलेला ‘बाल्डर्स गेट ३’ हा संगणकावरचा खेळ आमच्या केदारखेड्याच्या घरात आला तो पुतण्याबरोबर. तो पुण्यास नोकरीला असतो, सणावाराला आणि मक्याच्या सोंगणीला गावी येतो आणि रात्रीची जेवणे आटोपली की माजघरात लॅपटॉप उघडून बसतो. इतिहासाच्या अध्यापनात ज्याची सारी हयात गेली, अशा माझ्यासारख्या माणसाला त्या खेळातील राक्षसांचे वा मंत्रतंत्रांचे विशेष आकर्षण वाटावे असे काही नव्हते; परंतु पडद्यावर चार माणसांची एक लहानशी तुकडी आपल्याहून दुप्पट-तिप्पट शत्रूंसमोर उभी ठाकली, आणि कोणी पुढे व्हावे, कोणी मागे थांबावे, उंचवटा कोणी धरावा याची खलबते पुतण्या स्वतःशीच करू लागला, तेव्हा माझी खुर्ची आपोआप त्याच्याजवळ सरकली. पुढे सुट्ट्यांमागून सुट्ट्या आम्ही दोघांनी मिळून तो खेळ तडीस नेला, आणि युद्धशास्त्राचे जे थोडेफार वाचन मी आयुष्यभर केले होते ते प्रथमच माझ्या हाताखाली हलताना मला दिसले.

या खेळाची वंशावळ जाणून घेतली म्हणजे हे नवल राहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशा, सोंगट्या आणि फासे यांचा एक युद्धखेळ सिद्ध केला. त्या परंपरेतून अमेरिकेत छांदिष्टांचे युद्धखेळ निघाले, आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी पलटणींच्या जागी एकेक व्यक्ती आणून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ जन्मास घातला. बाल्डर्स गेटचे कायदेकानू मुळात त्याचेच आहेत. म्हणजे सोंगटीला नाव, स्वभाव आणि पूर्वायुष्य लाभले, तरी तिच्या खाली अंथरलेला नकाशा लष्कराचाच राहिला.

प्रत्येक पात्राला शक्ती, चापल्य, दमसास, बुद्धी, विवेक आणि प्रभाव असे सहा गुण असतात, आणि त्यांची वाटणी करण्यास सत्तावीस अंकांची शिबंदी मिळते; कोणताही गुण आठाच्या खाली ठेवता येत नाही, आणि वाटणीत पंधराच्या वर नेता येत नाही. पंधराकडे जाताना शेवटच्या पायऱ्या महाग पडतात, म्हणून एक गुण शिखरावर न्यायचा तर दुसऱ्या कोणाला तरी उपाशी ठेवावे लागते. पुतण्या या बांधणीचा मोठा रसिक. एका वारात अधिकात अधिक नुकसान करणारा पुरुष घडवणे हा त्याचा ध्यास, आणि त्यासाठी तो दोन-तीन वर्गांची कौशल्ये अशी गुंफतो की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. त्याच्या या विद्वत्तेविषयी मला खरोखर आदर आहे. तरीही माझे मत प्रथमपासून निराळे पडले आणि आजही ते बदललेले नाही: पात्राची बांधणी त्याच्या स्वतःच्या पराक्रमासाठी नव्हे, तर शेजाऱ्याच्या उपयोगासाठी करावी.

उदाहरणार्थ, लपूनछपून वार करणारा ‘रोग’ हा पात्रांचा वर्ग घ्या. त्याचा घातकी वार पूर्ण ताकदीने बसावा अशी इच्छा असेल, तर एक तर त्याला फाशांची खास अनुकूलता हवी, नाही तर आपल्यापैकी दुसरा कोणी त्या शत्रूला लगटून उभा हवा. म्हणजे रोगाच्या खंजिराची धार योद्ध्याच्या पायांत आहे. योद्धा कोठे उभा राहतो यावर ती ठरते. किंवा देवतेच्या कृपेने मंत्र चालवणारा क्लेरिक घ्या. त्याचा ‘ब्लेस’ हा आशीर्वाद तिघा साथीदारांच्या हल्ल्याच्या आणि बचावाच्या फेकीत चार बाजूंच्या फाशाची भर घालतो, पण जोवर त्याचे चित्त एकाग्र आहे तोवरच. त्याला घाव लागला की दमसासाची परीक्षा होते आणि ती हुकली तर तिघांचाही आशीर्वाद त्याच क्षणी विरतो. पुतण्याने क्लेरिकचा सारा भर विवेकावर दिला होता. मी आग्रहाने दमसास वाढवून घेतला, कारण आशीर्वादाचे मूल्य तो देणाऱ्याच्या विद्वत्तेपेक्षा त्याच्या टिकाऊपणावर अधिक अवलंबून असते. मंत्राने एखादा माणूस जागीच थिजवला असता जवळून केलेला जो वार त्यास लागेल तो मर्मघातीच ठरतो, हाही नियम तसाच: थिजवणारा एक, मारणारा दुसरा, आणि दोघांपैकी कोणाचाही पराक्रम एकट्याचा नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पाळीची. या खेळात प्रत्येकाला आपल्या पाळीत एक मुख्य कृती, एक गौण कृती आणि ठराविक अंतराची चाल मिळते. समोर आठ जण असतील आणि आपण चौघे असू, तर एका फेरीत शत्रूला आठ कृती आणि आपल्याला चार; ही तफावत भरून काढणे हेच सारे युद्धशास्त्र. येथे एक नियम नवख्यांच्या ध्यानात येत नाही. प्राण जोवर शून्यावर येत नाहीत तोवर जखमी शत्रूच्या हाताचे बळ तसूभरही कमी होत नाही. आठही जणांना अर्धमेले केले तरी आठ वार आपल्यावर येतातच, आणि दोघांना पुरते लोळवले तर ते सहा होतात. म्हणून नुकसान वाटून टाकू नये, एकावर एकवटावे. आणि ज्याला मारता येत नाही त्याची निदान पाळी हिरावून घ्यावी, जाळ्यात अडकवून, झोपवून, किंवा कड्यावरून ढकलून.

हे सारे मला पडद्यावर उलगडत असताना ज्या रणभूमीची आठवण वारंवार होई ती दूरची नव्हती. आमच्या गावाहून पूर्णा ओलांडून भोकरदनला जावे आणि तेथून जाफराबादच्या दिशेस वळावे, म्हणजे केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव लागते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या एकत्रित फौजेशी इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याची गाठ पडली. शिंद्यांच्या कवायती पलटणी दहा हजारांच्या वर, तोफा शंभराच्या आसपास, आणि स्वारांचा तर समुद्रच; वेलस्लीजवळ प्रत्यक्ष लढाईस उभे राहणारे साडेचार हजारांच्या घरात. या लढाईविषयी मी वर्गात कित्येक वेळा बोललो होतो, आणि पुतण्याला घेऊन मी ती जागा मुद्दाम पाहून आलो.

वेलस्लीच्या वाटाड्यांनी नदीला उतार नाही असे सांगितले होते. त्याने मात्र दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली पिंपळगाव आणि वरूड ही गावे पाहिली, आणि इतक्या जवळची दोन गावे एकमेकांशी दळणवळण ठेवल्यावाचून राहणार नाहीत, तेव्हा मध्ये उतार असलाच पाहिजे, असे अनुमान केले. ते खरे ठरले, आणि तो शत्रूच्या डाव्या बगलेवर उतरला. नदीकाठच्या माणसाला हे अनुमान किती साधे वाटते! पण ते सुचले म्हणजे त्याने शिपायांआधी जमीन वाचली. दोन नद्यांमधील त्या चिंचोळ्या पट्ट्यात प्रतिपक्षाची संख्या पसरायला जागाच नव्हती, आणि स्वारांचा तो समुद्र बव्हंशी तटस्थ उभा राहिला. ज्या फौजेला पाळीच मिळाली नाही, ती हजेरीपटावर कितीही मोठी असो, रणात तिची किंमत शून्य.

शिंद्यांच्या कवायती पलटणींविषयी मात्र मान ताठ ठेवूनच बोलले पाहिजे. पोलमन या हॅनोव्हरच्या सरदाराच्या हुकुमाखाली त्यांनी ऐन वेळी आपली सारी रांग काटकोनात फिरवली आणि डावी बाजू असईच्या गावकुसाला टेकवली. अशी फिरत शिस्तीवाचून होत नाही. गोलंदाज तोफांपाशी मरेपर्यंत उभे राहिले. काहींनी मेल्याचे सोंग घेतले आणि शत्रूची रांग पुढे सरकताच उठून त्याच तोफा तिच्या पाठीवर फिरवल्या. पडद्यावर अर्धमेल्या शत्रूकडे पाठ फिरवू नये असे मी पुतण्याला बजावतो, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ते गोलंदाज असतात. इंग्रजांची उजवी तुकडी रांग सोडून असईच्या तोफांपुढे भरकटली आणि तिची जवळजवळ कत्तल झाली. स्वारांनी धाव घेतली म्हणून जे वाचले ते वाचले. वेलस्लीची दीड हजारांवर माणसे ठार वा जखमी झाली. वॉटर्लू जिंकल्यानंतरही आपल्या सर्वोत्तम लढाईचे नाव विचारले असता त्याने असईचेच नाव घेतले, हे आमच्या जिल्ह्यातील किती शाळकरी मुलांना ठाऊक आहे?

खेळातील कोळ्यांच्या राणीचा प्रसंग आम्ही त्यानंतर खेळलो. खोल दरीवर तिने जाळ्यांचे पूल ताणलेले असतात आणि तिची पिल्ले क्षणात अदृश्य होऊन आपल्या मागे प्रकटतात, त्यामुळे पुढची आणि मागची बाजू असा भेदच उरत नाही. पुतण्याचा बेत जबरदस्त वारांचा होता. मी म्हटले, “आधी ती उभी कशावर आहे ते बघ.”

“जाळ्यावर आहे, काका.”

“मग जाळं जाळ की.”

त्याने अग्निबाण तिच्यावर न सोडता तिच्या पायाखाली सोडला. पूल जळाला, राणी दरीत आदळली, आणि तिचे बळ वार करण्याआधीच निम्म्यावर आले. अंडी आम्ही पूर्वीच जाळून ठेवली होती, म्हणजे शत्रूच्या संभाव्य पाळ्याही कमी केल्या होत्या. उंचावरून बाण सोडणाऱ्यास या खेळात फेकीवर दोनाची भर मिळते. म्हणून आमचा तिरंदाज तोवर कड्यावर चढून बसला होता आणि योद्धा त्या कड्याच्या चढणीवर, असा की त्याला ओलांडल्यावाचून कोणालाही वर जाता येऊ नये. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणात दंड, भोग, मंडल आणि असंहत असे व्यूहांचे चार मूळ प्रकार सांगितले आहेत. चौघांच्या फौजेला मंडल कामास येत नाही, कारण वर्तुळ धरायला माणसे पुरत नाहीत, पण अरुंद जागा साधली तर दंडाची सरळ रांग चौघांनाही पुरते, हे त्या रात्री दोघांनाही पटले.

पुतण्या पुण्यास परतला की त्याचा लॅपटॉपही जातो, आणि माझ्या जुन्या संगणकावर नवा खेळ चालत नाही. तेव्हा मी १९९८ चा पहिला ‘बाल्डर्स गेट’ खेळतो. त्यात सहा जणांची तुकडी असते आणि पाळ्या नसून युद्ध अखंड वाहते, फक्त कळ दाबून ते क्षणभर थांबवता येते. त्यातील गोंधळ प्रत्यक्ष रणाला अधिक जवळचा आहे हे मान्य करूनही मी नव्या पद्धतीकडेच झुकतो, कारण पाळी असली की प्रत्येक निर्णयाचा हिशेब लागतो.

आता दिवाळीत आम्ही ‘ऑनर मोड’ हा कठोर प्रकार आरंभणार आहोत; त्यात खेळाची एकच नोंद ठेवता येते आणि तुकडी संपली की मागे फिरून डाव सुधारण्याची सोय उरत नाही. तीन जागा पुतण्याने भरल्या आहेत, तिन्ही घणाघाती. चौथी माझ्याकडे आहे, आणि तेथे मी गवई ठेवणार: बार्ड, त्यातही ‘लोअर’ या विद्यापीठाचा. त्याचा स्वतःचा वार किरकोळ. पण तो गौण कृतीत साथीदाराला स्फूर्तीचा फासा देतो, आणि शत्रूच्या पाळीत, जेव्हा बाकीचे तिघे नुसते पाहत असतात, तेव्हा नेमक्या शब्दाने शत्रूची फेक खाली ओढतो. फोनवर पुतण्या म्हणाला, “काका, पण हा मारणार कोणाला?” मी त्याला सांगितले की त्याचे तिघे ज्यांना मारतील, त्यांतले निम्मे याच्या खात्यावर लिहावेत.