मर्यादित

शेतकरी उत्पादक कंपनीची सोय 2002 च्या कायदा-दुरुस्तीनं झाली. किमान 10 शेतकरी अन् 5 संचालक लागतात. शेअर कितीही असोत, मत एकच. आमच्या रावेर तालुक्यात केळीवाल्या दहा जणांनी दहा-दहा हजार काढले, लाखाचं भांडवल जमलं. नाना मात्र अडून बसले, "बुडाली तर माझ्या सातबाऱ्यावर बोजा चढेल ना भो?"

सीए म्हणाला, "बुडालीच तर शेअरचे पैसे जातील, शेत नाही. मर्यादित म्हणजे तेवढंच."

"अन् बँकेनं कर्जाला आमची सही मागितली तर?"

खरं होतं. संचालकानं वैयक्तिक हमी दिली, की मर्यादा संपली. घर-शेत पुन्हा गुंतलं. म्हणून पहिल्याच बैठकीत ठराव लिहिला : दोन वर्षं खतं एकत्र आणायची, कर्ज काढायचं नाही.