दादर नसलेली दादर पॅसेंजर

आईच्या तोंडी अजून ‘दादर पॅसेंजर’च आहे. कोकण रेल्वेची ही गाडी मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत थांबली आणि पुन्हा सुरू झाली ती दिव्यापासून. दिवा ते दादर तासाभराचासुद्धा प्रवास नाही. पण डोक्यावर तांदळाचं गाठोडं, हातात फणस आणि कडेवर पोर घेऊन दिव्याचा जिना चढून लोकल पकडा, म्हणजे तो केवढा ते कळेल.

दादरसोबत आणखी काय काय हरवलं, त्याची ही यादी. दहा रुपयांचं तिकीट. टाळेबंदीनंतर पॅसेंजरलाच एक्स्प्रेस म्हणू लागले आणि किमान भाडं तीस झालं. फेब्रुवारी 2024 मध्ये देशभरच्या पॅसेंजरचे दहा रुपये परत आले. हरवून सापडलेली या यादीतली ही एकच वस्तू. दिवा-सावंतवाडी या दुसऱ्या पॅसेंजरच्या नावाला मात्र एक्स्प्रेस चिकटलं ते चिकटलंच. गाडी रांगते तशीच.

वेळ. रोहा ते वीर लाइन 2021 मध्ये दुहेरी झाली. पुढचा बहुतेक सगळा मार्ग एकेरी. समोरून गाडी आली की एकीने बाजूला उभं राहायचं. कोणी, हे विचारू नये. मे महिन्यात आरवली रोडला आमची पॅसेंजर अशीच क्रॉसिंगला पडली. पंखे बंद. पुरुष खाली उतरून रुळांकडे बघत बसले. एका बाईने सोललेल्या फणसाचे गरे डबाभर वाटले, बिया मात्र आठवणीने परत गोळा केल्या. मग वंदे भारत गेली. बंद काचा, आत निळसर उजेड, पंधरा-वीस सेकंद. कोणी काही बोललं नाही. सिग्नल पडायला आणखी बराच वेळ होता.

करवंदं. पानाच्या द्रोणात, खिडकीतून. बंद काचेच्या गाडीला ती विकता येत नाहीत. विकणारी बाई पॅसेंजरचीच वाट बघते, आणि पॅसेंजर कधी येणार ते स्टेशनमास्तरलाही छातीठोक सांगता येत नाही.

समुद्र. किनाऱ्याची रेल्वे म्हणतात कोकण रेल्वेला, पण आमच्या हद्दीत खिडकीतून दिसतात त्या खाड्या आणि उभे कापलेले डोंगर. हे डोंगर पावसात सुटतात. 2003 मध्ये वैभववाडीजवळ, पुढच्याच वर्षी करंजाडीजवळ दरडीने गाड्या घसरल्या, माणसं गेली. तेव्हापासून पावसाळ्यात गाड्या हळू चालवतात, आणि त्याबद्दल कुरकुर करायचा हक्क कोणाला नाही. जुलै 2024 मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल शिरला. पाठोपाठ दिवाणखवटीजवळ दरड आली. अशा वेळी लांबच्या गाड्या मिरज-लोंढ्यावरून वळवतात. पॅसेंजर वळवता येत नाही, ती रद्दच होते. विन्हेऱ्याच्या माणसाला मिरजेवरून कुठे नेणार?

सावंतवाडी टर्मिनस. 2015 मध्ये भूमिपूजन झालं, काम अजून पुरं नाही. जे झालंच नाही ते नाहीसं झालं असं म्हणता येत नाही. तरी यादीत असू द्या.

आता नाव. कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला मे 2025 मध्ये महाराष्ट्राने संमती दिली. नाव तेच राहावं आणि घातलेले पैसे परत मिळावेत, अशा अटी आहेत. दुसरी लाइन टाकायची तर महामंडळाकडे पैसा नाही, तेव्हा विलीनीकरण व्हावं हेच बरं. पण अंजनी, कामथे, उक्षी, भोके इथल्या थांब्यांची अट काही माझ्या वाचनात आली नाही.

गणपतीला जादा गाड्या सोडतात, त्याचं कौतुक आहे. बाकीचे अकरा महिनेही आम्ही इथेच राहतो. जादा काही नको. दादरची पॅसेंजर तेवढी दादरला न्या. आईला नवं नाव शिकवायचं आता जमणार नाही.